वर्गात टीव्ही-मोबाईल वापरताना या चुका टाळा: सीमाभागातल्या मराठी शाळेचा अनुभव

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी पहिली ते तिसरीला शिकवते. वर्गात टीव्ही आला तेव्हा वाटलं की आता पोरं गप्प बसून शिकतील, आणि गप्प बसली पण, पाऊण तास कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं काल काय बघितलं, तर पुढच्या ओळीतली तिघं एकदम म्हणाली, "टीचर, माकड बघितलं!" धडा होता पाणी कुठून येतं याचा. माकड त्या व्हिडिओत जेमतेम दहा सेकंद असेल, नदीकाठच्या झाडावर. ते सोडून बाकी काही राहिलं नव्हतं.

तेव्हापासून बऱ्याच चुका केल्या, काही सुधारल्या, आणि आसपासच्या शाळांतले शिक्षक भेटले की त्याच त्याच अडचणी सांगतात म्हणून हे लिहितेय. पालकांनीही वाचा, अर्ध्या गोष्टी घरच्या मोबाईललाही लागू आहेत.

व्हिडिओ एका दमात दाखवणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळे करतात. सात मिनिटांचा व्हिडिओ लावला आणि आपण हजेरी भरायला बसलो की संपलं, पोरगं चित्र बघतं, कान बंद असतात. आता मी तोच पाण्याचा व्हिडिओ पहिल्यांदा आवाज बंद करून लावते आणि चाळीस-पन्नास सेकंदांनी थांबवते. "हे ढग कुठं चाललेत? आता काय होणार?" असं विचारलं की पोरं बोलायला लागतात, चुकीचं का असेना, पण बोलतात. मग तोच तुकडा आवाजासकट. मग आपलं काहीतरी जोडायचं. आपली मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हणजे आपल्याच तालुक्यात, आणि खाली सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला धरणात अडते. यल्लम्माच्या डोंगरावर जाताना अर्ध्या पोरांनी ते धरण बसच्या खिडकीतून बघितलेलं असतंय. एकीनं विचारलं, "मग आमच्या पुलाखालचं पाणी यल्लम्माकडं जातंय?" हा प्रश्न कुठल्या व्हिडिओत नव्हता, थांबवलं म्हणून आला. सात मिनिटांच्या व्हिडिओला पंचवीस मिनिटं लागतात, लागू देत.

पुस्तक एका राज्याचं, व्हिडिओ दुसऱ्या राज्याचा

आपली मुलं कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचं मराठी पुस्तक शिकतात, आणि यूट्यूबवर "तिसरी मराठी" टाकलं की येतं ते बहुतेक सगळं महाराष्ट्राच्या बालभारतीवर बेतलेलं. धडे वेगळे, क्रम वेगळा, परिसर अभ्यासात जिल्हा वेगळा. पालक बिचारे प्रेमानं घरी लावून देतात आणि पोरगं शाळेत येऊन वेगळीच कविता म्हणतं. कविता म्हणू दे, चांगलंच आहे, पण परीक्षेची तयारी म्हणून लावत असाल तर आधी आपलं पुस्तक शेजारी ठेवून बघा.

दीक्षा, म्हणजे सरकारचं पाठ्यपुस्तकांचे व्हिडिओ असलेलं ॲप, ते वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार, "काही दिसतच नाही." दहापैकी आठ वेळा बोर्ड चुकीचा निवडलेला असतो. ॲपमध्ये जाऊन बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी, मग इयत्ता, असं परत निवडा. माध्यम मराठी आहे म्हणून घाईत महाराष्ट्र निवडला जातो, मी स्वतः केलंय. पुस्तकातला क्यूआर कोड मळला किंवा फाटला असेल तर स्कॅन होत नाही, तेव्हा कोडच्या खाली सहा अक्षरांचा छोटा कोड छापलेला असतो तो टाईप करायचा. आणि घरी किंवा नेट असेल तिथं उघडून, डाऊनलोड करून, शेवटपर्यंत बघूनच वर्गात न्या. वर्गात तीस पोरांसमोर ते गोल गोल फिरणारं चक्र बघत बसलो की दहा मिनिटं गेलीच, आणि एकदा दंगा सुरू झाला की परत बसवायला आणखी दहा.

गोष्टींसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली जागा म्हणजे प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाईट. २०१५ पासून आहे, फुकट आहे, गोष्टी चार पातळ्यांत आहेत आणि डाऊनलोड करून ठेवता येतात. आपल्याकडं याचा वेगळाच फायदा, कितीतरी गोष्टी मराठीत पण असतात आणि कन्नडमध्ये पण. चित्रं तीच, पान तेच. वर्गात ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांना आधी कन्नड पान दाखवून वाचायला लावायचं आणि बाकीच्यांनी चित्रावरून अंदाज करायचा, मग मराठी पान. एरवी मागं बसणारी पोरं त्या दिवशी पुढं येऊन शिकवतात. कन्नडच्या तासाला उलटं करायचं.

गेममध्ये तारे मिळाले म्हणजे आलं असं धरणं

हे जरा सविस्तर सांगते कारण मला स्वतःला कळायला वेळ लागला. दुसरीतल्या एका मुलाला टॅबवर संख्यांचा गेम दिला होता, संख्या ऐकायची आणि आकडा दाबायचा. "त्रेपन्न" ऐकलं, त्यानं ३५ दाबलं. लाल फुली. मग ४३, परत लाल. मग ५३, हिरवी खूण, टाळ्या, तारा. गेमच्या हिशेबानं त्याला आलं. मी पाटी दिली आणि त्रेपन्न लिही म्हणलं तर परत ३५.

तो ऐकल्याप्रमाणे लिहीत होता. मराठीत त्रे आधी ऐकू येतो, पन्नास नंतर, म्हणून तीन आधी आणि पाच नंतर. त्याच्या घरी आई कन्नड बोलते, कन्नडमध्ये ऐवत्तमूरु, म्हणजे आधी पन्नास मग तीन, लिहायच्या क्रमानंच. दोन भाषांचे दोन क्रम त्याच्या डोक्यात एकमेकांत गुंतलेले, आणि गेमला हे कळणार कसं, तो फक्त चूक की बरोबर एवढंच सांगतो. "तू ३५ का दाबलंस रे?" हे आपणच विचारायचं. त्यानं सांगितलं पण, "टीचर, तीन पहिला म्हणतंय की." एका वाक्यात सगळं.

मग टॅब बाजूला ठेवला, काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या घेतल्या, "पन्नास आणि तीन, त्रेपन्न" असं म्हणत म्हणत चार-पाच दिवस केलं, आणि मग परत गेम दिला. गेम सरावाला चांगला आहे, समजावून द्यायला नाही. आता महाराष्ट्रातल्या काही व्हिडिओंत "पन्नास तीन" असंच म्हणतात, कारण तिथं २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत आली, त्यावर मोठा वाद झाला होता. माझं मत विचाराल तर आपल्या सीमाभागातल्या पोरांना ती जोडीला सोयीची आहे, कन्नडशी जुळते. पण त्रेपन्न पण आलंच पाहिजे, बाजारात बाई "त्रेपन्न रुपये" म्हणते तेव्हा पोरगं गोंधळायला नको.

पहिलीचं ल आणि श

पहिलीला अक्षरांचे व्हिडिओ दाखवताना एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ॲपमध्ये, व्हिडिओत जो फाँट असतो तो हिंदी वळणाचा. त्यातला ल उभ्या काठीचा आणि श वेगळ्या डोक्याचा, पाच आणि आठ हे आकडे पण वेगळे दिसतात. आपण फळ्यावर मराठी वळणाचा ल गिरवायला लावतो आणि टीव्हीवर दुसराच ल. मोठ्यांना काही वाटत नाही, सहा वर्षांच्या पोराला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. माझ्या वर्गात एक मुलगी "लसूण" वाचताना पुस्तकात बरोबर वाचायची आणि टीव्हीवर अडायची, मला आधी तिचे डोळे तपासायला हवेत असं वाटलं होतं. तेव्हा पहिलीला तरी अक्षरं दाखवायची तर स्वतःच्या हातानं कागदावर मोठी लिहा, मोबाईलनं फोटो काढा आणि तेच टीव्हीवर दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. दुसरी-तिसरीत मग मुद्दाम दोन्ही ल शेजारी दाखवा.

फाँटचीच दुसरी भानगड म्हणजे जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाईप केलेली प्रश्नपत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली की मोबाईलवर उघडल्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं. कन्नडला जुन्या नुडीचं पण तसंच. एकतर पीडीएफ करून पाठवा, नाहीतर युनिकोडमध्येच (सगळ्या मोबाईलवर सारखं दिसतं ते) टाईप करा, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाईप केलं तरी युनिकोडच येतं. फक्त बोलायच्या आधी भाषा मराठी आहे ना बघा, हिंदी राहिली तर "आहे"चं भलतंच होतं.

पाऊस, लाईट आणि पेनड्राईव्ह

जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांना वेगळं सांगायला नको. लाईट जाते, नेटवर्क जातं, आणि वर पत्रा असेल तर टीव्हीचा आवाज पूर्ण सोडला तरी ऐकू येत नाही. आमची चूक अशी की आम्ही पावसाळ्यात पण ऐकायचेच कार्यक्रम लावत होतो. आता पावसाचे महिने चित्रांचे ठेवलेत, गोष्टीची पानं, फोटो, आवाज बंद व्हिडिओ, वाचायचं पोरांनी एकत्र मोठ्यानं. कविता-गाणी दिवाळीनंतर.

पेनड्राईव्ह टीव्हीला चालत नसेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला की चालतो (आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा), फक्त त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. आवाज येतो आणि चित्र नाही असं झालं तर व्हिडिओ एमपी४, एच २६४ मध्ये बदलून घ्या. मोबाईल टीव्हीला जोडणार असाल तर आधी डू नॉट डिस्टर्ब लावा, माझ्या घरचा एक निरोप अख्ख्या वर्गानं मोठ्यानं वाचला होता. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर धडा संपला की पुढचं काय लागेल याचा नेम नाही. खिडकी टीव्हीच्या समोर असेल तर टीव्हीची जागा बदला, बस्स.

एक टॅब आणि तीस पोरं

एक हुशार पोरगं दाबतं आणि बाकी एकोणतीस त्याच्या पाठीकडं बघतात, असा वर्ग बघितला असेल. आपल्याकडं नली-कलीत (कर्नाटकातली लहान वर्गांची खेळत, गटात शिकायची पद्धत) गटांचे तट्टे, म्हणजे गटांच्या ठरलेल्या जागा, असतातच, टॅब हा त्यातलाच एक कोपरा करा, पाच-सहा पोरं, दहा मिनिटं, मग गट बदलायचा. बाकीचे गट कार्डांवर, काड्यांवर. टॅबमध्ये ॲप पिन करून ठेवा म्हणजे पोरं बाहेर पडून कॅमेऱ्यात जात नाहीत.

सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम हवं असेल तर प्लिकर्स हे ॲप बघा. पोरांच्या हातात फक्त छापील कागदाचं कार्ड, चार बाजू म्हणजे चार पर्याय, जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची आणि आपण आपल्या मोबाईलनं सगळ्यांवरून कॅमेरा फिरवायचा. कोण कुठं चुकलं ते लगेच दिसतं आणि शेजारच्याचं बघून करता येत नाही, कारण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. कार्डं टिकावीत म्हणून मी चकचकीत लॅमिनेशन केलं होतं, उजेड चमकून एकही स्कॅन होईना. साध्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

घरी मोबाईल कुणाकडं असतो?

संध्याकाळी पाचला गृहपाठाचे सहा फोटो ग्रुपवर टाकायचे आणि रात्री "कुणीच केलं नाही" म्हणायचं, हे थांबवा. मोबाईल बाबांकडं असतो आणि बाबा बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत असतात, नाहीतर वडगावात मागावर, आठ वाजता घरी येतात. तोवर पोरगं जेवून पेंगलेलं असतं. एका आईनं सांगितलं, "बाई, तुम्ही काय करूलालाय ते चांगलंच आहे, पण मला वाचता येत नाही की ओ." त्या दिवसापासून मी एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवते, मोबाईलशिवाय करता येईल असं काहीतरी, आजीला एक गोष्ट विचारून ये, चुलीपुढचे डबे मोज. उत्तर दुसऱ्या दिवशी तोंडी.

पोरांचे गुण आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते असं आहेच, पण त्याच्याही आधी कमी गुणवाल्या पोराच्या आईला गल्लीत काय वाटतं ते बघा. आणि वेळेचं म्हणाल तर ऑनलाईन शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या प्रज्ञाता सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन तासिका, त्याहून जास्त नको असं होतं, ते ऑनलाईन शाळा चालू असताना. आता शाळा भरतेय, तेव्हा मी वर्गात दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांवर जात नाही.

एवढं सगळं सांगितलं तरी माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फरक पडला तो मोबाईलच्या साध्या रेकॉर्डरनं. पोरानं अर्धं पान वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि स्वतःचं ऐकायचं. "टीचर, मी इथं थांबलो," हे ते स्वतःच सांगतं, परत वाचू का म्हणून मागं लागतं. महिन्यानं जुनं आणि नवं शेजारी शेजारी ऐकवायचं, पालक आले की त्यांना ऐकवायचं आणि मग पुसून टाकायचं. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरा, फार जवळ धरला की नुसता श्वास ऐकू येतो. वर्गात आवाज घुमतो आणि पावसात तर काहीच कळत नाही, म्हणून आम्ही दासोहाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) खोलीत तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून करतो, तिथं एकदम स्वच्छ येतं.