पतसंस्थेची वेबसाइट: चालती कशी ठेवावी आणि सभासदांपर्यंत कशी न्यावी

पतसंस्थेच्या वेबसाइटवर येणाऱ्याला बहुतेक वेळा तीनच गोष्टी हव्या असतात: ठेवीचा आजचा दर, जवळच्या शाखेचा फोन आणि कर्जासाठी लागणाऱ्या कागदांची यादी. बऱ्याच साइटवर नेमके हेच अध्यक्षांच्या मनोगताखाली आणि सरकत्या फोटोंखाली दडलेले असते. मोबाइलवर पान उघडताच पहिल्याच पडद्यावर ही तीन बटणे दिसली पाहिजेत. फोन नंबरवर बोट ठेवले की थेट कॉल लागला पाहिजे. मनोगत आतल्या पानावर जाऊ द्या.

1. आधी मालकी तपासा

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते पाहा. साइट बनवणाऱ्याने ते स्वतःच्या ईमेलवरून घेतलेले असते आणि त्याने काम सोडले की नूतनीकरणाची सूचना संस्थेपर्यंत पोचतच नाही. मुदत टळून डोमेन सुटले तर ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि पासबुकावर छापलेल्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर घ्या आणि ईमेल व्यक्तीचा नव्हे, कार्यालयाचा द्या. नूतनीकरण एकदम तीन-चार वर्षांचे करा. डोमेन, होस्टिंग (साइट ज्या सर्व्हरवर ठेवली आहे ती सेवा) आणि साइट या तिन्हींचे पासवर्ड लिफाफ्यात सीलबंद करून तिजोरीत ठेवा, आणि कर्मचारी बदलला की त्याच दिवशी ते बदला.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता सक्तीचा केला, त्याची मुदत 31 ऑक्टोबर 2025 होती. पतसंस्थेला तो मिळत नाही. ‘डॉट इन’ किंवा सहकारी संस्थांसाठीचे ‘डॉट कूप’ घ्या.

2. काय लिहायचे, काय नाही

बँकिंग नियमन कायदा 1949 च्या कलम 7 प्रमाणे पतसंस्थेला आपल्या नावात ‘बँक’ किंवा ‘बँकिंग’ हे शब्द लावता येत नाहीत. 2020 च्या दुरुस्तीनंतर, नोव्हेंबर 2021 मध्ये, रिझर्व्ह बँकेने याबद्दल जाहीर इशाराही दिला आहे. साइट बनवणारा तयार साचा वापरतो तेव्हा ‘नेट बँकिंग’, ‘आमची बँक’ असे शब्द तसेच राहून जातात. प्रत्येक पान शोधून ते काढा. ठेव विमा महामंडळाचे 5 लाखांचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नाही. त्यामुळे त्याचे चिन्ह लावू नका आणि ‘100 टक्के सुरक्षित’ असेही लिहू नका. ठेवीदाराचा विश्वास खऱ्या माहितीवर बसतो. तळाशी नोंदणी क्रमांक, नोंदणीचे वर्ष, कार्यक्षेत्र आणि लेखापरीक्षणाचा वर्ग द्या. ‘ठेवी फक्त सभासदांकडून स्वीकारल्या जातात’ हे वाक्यही ठळकपणे घाला.

3. दर आणि कागद

दराच्या तक्त्यावर ‘दि. अमुक पासून लागू’ ही ओळ नसेल तर तो तक्ता लावूच नका. दर बदलल्यावर जुना तक्ता तसाच राहिला, तर ठेवीदार त्याची प्रिंट घेऊन काउंटरवर येतो आणि त्याचे म्हणणे चूक नसते. संचालक मंडळाने दराचा ठराव केला की त्याच दिवशी साइट बदलण्याची जबाबदारी एका नावावर टाका.

तक्ता चित्र म्हणून चिकटवू नका. चित्रातील मजकूर शोधात सहसा सापडत नाही आणि मोबाइलवर मोठा करून वाचावा लागतो. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला अहवाल जसाच्या तसा पानावर उतरवला तर अक्षरे विचित्र दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या टायपिंग पद्धतीत हवा. वार्षिक अहवाल स्कॅन करायचाच असेल तर 150 डीपीआय (स्कॅनची स्पष्टता) पुरते. फाइल 2-3 एमबीच्या आत ठेवा, नाहीतर खेड्यातल्या नेटवर्कवर ती उघडत नाही. सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. तिची सूचना, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक छापायला जाते त्याच दिवशी साइटवरही चढवा.

आधार, पॅन यांच्या प्रती मागणारा फॉर्म साध्या साइटवर ठेवू नये. वर्डप्रेसवर (साइट चालवण्याचे प्रचलित सॉफ्टवेअर) चढलेल्या फाइली नेहमीच्या सोयीने उघड्या फोल्डरमध्ये जातात. दुवा ज्याला सापडेल तो त्या पाहू शकतो, आणि कधीकधी गूगलही. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल आणि शाखा एवढेच विचारा, कागद शाखेत घ्या.

4. देखभालीचे वेळापत्रक

दर आठवड्याला वर्डप्रेस आणि प्लगइन (त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, न वापरलेले प्लगइन काढून टाका. साइटवर घुसखोरी होते ती बहुधा याच वाटेने. बॅकअप रोज आपोआप निघावा आणि त्याची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर असावी. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या जागी उघडून पाहा. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत सुरक्षा प्रमाणपत्र (साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणारे) 90 दिवसांचे असते. ते आपोआप नवे होते की नाही ते तपासा, कारण मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी 2025 पासून बंद केले आहेत. प्रमाणपत्र संपले की ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो, आणि पैशाच्या संस्थेबद्दल तो इशारा गावभर होतो.

5. लोकांपर्यंत पोचवणे

पैसे देऊन कार्यक्षेत्राबाहेर जाहिरात करणे पतसंस्थेसाठी व्यर्थ आहे. तिथला माणूस सभासदच होऊ शकत नाही. त्यापेक्षा प्रत्येक शाखेचे गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी नोंद) काढा. त्यात नाव नोंदणीपत्राप्रमाणे, वेळ खरी आणि फोटो शाखेच्या दर्शनी पाटीचा असू द्या. तिथला फोन नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो आणि फसवणारे याच वाटेने खोटे ‘ग्राहक सेवा’ नंबर घुसवतात. म्हणून नंबर दर सोमवारी डोळ्याखालून घाला.

प्रत्येक सेवेचे पान वेगळे असावे आणि शीर्षकात गाव असावे, जसे ‘सोनेतारण कर्ज, बार्शी’. पासबुकाच्या आतल्या पानावर क्यूआर कोड छापा. तो किमान अडीच सेंटीमीटर हवा आणि थेट आपल्याच डोमेनवर जाणारा हवा. फुकट सेवांचे काही कोड मुदत संपल्यावर बंद पडतात आणि छापलेली पासबुके वाया जातात. दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीसारखा प्रचारक दुसरा नाही. तो रोज दुकानोदुकानी जातो. त्याच्या ओळखपत्रामागे कोड लावा आणि नवा दर आधी त्याला कळवा.

6. साइटवर घुसखोरी झाली तर

साइट ताबडतोब बंद करून साधी सूचना लावा आणि लॉग (साइटवर कोण कधी आले, काय केले याची आपोआप होणारी नोंद) पुसू नका. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवायची असते आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात. कोणा सभासदाचे पैसे गेले असतील तर त्याला लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. दुसऱ्या दिवशी शाखा उघडण्यापूर्वी प्रत्येक शाखेच्या फलकावर सही-शिक्क्यासह सूचना लागली पाहिजे, म्हणजे काउंटरवरच्या लिपिकाला प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही.