चवळी, शेपू आणि फेटा : ग्रीक पद्धतीच्या भाजीत या चुका टाळा

ग्रीसमध्ये चवळी आणि शेपू एकत्र घालून भाजी करतात असं सांगितलं, की आपल्याकडची मंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, मसाला कुठला? कुठलाच नाही. कडधान्य, टोमॅटो, लसूण, सढळ हाताने तेल, मूठभर पाला आणि वरून फेटा नावाचं खारट ग्रीक चीज, एवढ्यावर ही भाजी होते. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत एका फेरीत सगळं सामान मिळतं. फेटा चीज तेवढं राहतं, त्याची सोय पुढे सांगते. सामान इतकं सोपं असूनही भाजी फसते, कारण आपला हात उसळीच्या क्रमाने चालतो. इथे आंबट, खारट आणि हिरवं, या तिघांची पाळी उशिरा येते.

चौघांसाठी पाव किलो चवळी किंवा राजमा, ४ मोठे टोमॅटो, २ कांदे, ७-८ लसूण पाकळ्या, ५-६ मोठे चमचे तेल, शेपूची अर्धी जुडी, १ छोटा चमचा ओरेगॅनो (पिझ्झावर भुरभुरतात तो सुका पाला), १०० ग्रॅम चीज आणि मिरपूड. पहिल्यांदा करणाऱ्यांनी चवळीच घ्यावी. ती लवकर शिजते आणि फारसा दगा देत नाही. शिवाय राजमा आणि टोमॅटो हे दोन्ही १४९२ नंतर अमेरिकेतून युरोपात गेले, चवळी मात्र भूमध्य समुद्राकाठी त्याच्या कितीतरी आधीपासून खातात. त्यामुळे "खरी ग्रीक भाजी राजम्याचीच" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

टोमॅटो आधी पडला

सगळ्यात जास्त भाज्या इथेच बिघडतात. कुकरमध्ये कडधान्य, टोमॅटो, कांदा एकदमच टाकून शिट्ट्या काढल्या, की दाणा बाहेरून फुटतो आणि आतून खडखडीत राहतो. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळत नाही. म्हणून कडधान्य आधी नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवायचं. चमच्यात दोन-चार दाणे घेऊन त्यांच्यावर फुंकर मारा. साल सुरकुतून सुटायला लागली, की शिजत आलं समजा. मग एक दाणा जीभ आणि टाळूमध्ये दाबून बघा. मधे कणी लागली तर अजून एक शिट्टी. टोमॅटोचा नंबर त्यानंतर.

टोमॅटो पडून गेलाय आणि दाणा कच्चाच आहे? चिमूटभर खाण्याचा सोडा घाला (थोडा फेस येईल, घाबरू नका), वाटीभर गरम पाणी ओता आणि सगळं परत कुकरला लावून दोन शिट्ट्या काढा. आंबटपणा जरा कमी होतो, तो शेवटी लिंबू पिळून भरून काढता येतो.

बोअरचं पाणी

टोमॅटो घातलेलाच नाही, राजमा रात्रभर भिजवलाय, तरी आठ शिट्ट्यांनंतर दाणा दाद देत नाही. अशा वेळी दुकानदाराला बोल लावण्याआधी हंड्यातलं पाणी बघा. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं. बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो तो त्यातल्या क्षारांचाच. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातल्या पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि दाणा आवळून धरतं. यावर सरळ उपाय म्हणजे भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं किंवा जारचं पाणी वापरायचं. पाव किलोला दोन-अडीच लिटरमध्ये काम भागतं.

तेही नसेल तर भिजवायच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ घाला आणि सकाळी ते पाणी फेकून दाणे धुऊन घ्या. मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, पण भिजवताना घातलेलं मीठ उलट साल मऊ करतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. सोडा वापरायचा तर शिजवताना पाव किलोला पाव छोटा चमचा, त्याच्या वर नको. जास्त झाला की भाजीला साबणासारखी चव येते आणि दाण्याचा गाळ होतो.

एवढं करूनही दाणा अडून बसला, तर माल जुना आहे. दोन-दोन उन्हाळे तापलेल्या पत्र्याच्या गोदामात काढलेला राजमा कशानेच मऊ होत नाही. त्याचं पीठ करून धिरड्यातही घालू नका, तव्यावर भाजून राजम्याचा कच्चेपणा पुरता जाईलच असं नाही आणि कच्चं पीठ पोटाला चालत नाही.

मे महिन्यात रात्रभर भिजत

पारा ४२ वर असताना ओट्यावर दहा तास ठेवलेल्या भांड्यावर सकाळी फेस असतो आणि वास आंबूस येतो. ते फेकूनच द्या. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा, किंवा कडधान्य दोन मिनिटं खळखळून उकळून गॅस बंद करा आणि तासभर झाकून ठेवा. चवळीला एवढंही बास होतं.

राजमा मंद आचेवरच

मातीच्या भांड्यात पहिल्यापासून मंद आचेवर राजमा शिजवायची हल्ली हौस आहे. चवळीला करा, राजम्याला नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ते पूर्ण गेलं नाही तर उलट्या आणि जुलाब होतात, आणि नुसत्या कोमट आचेवर ते जात नाही. भिजवलेलं पाणी ओतून टाका, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं सडकून उकळा, मग हवं तर मातीचं भांडं. कुकरला लावलात तर हा प्रश्नच उरत नाही.

फोडणीची सवय आणि तेलाची काटकसर

मोहरी, हिंग, हळद, काळा मसाला, यातलं काही नको. हळदीने टोमॅटोचा रंग मातकट होतो आणि चीजची चव कुठल्या कुठे जाते. तेल मध्यम तापवायचं, कांदा पारदर्शक होईपर्यंत परतायचा, लसूण ठेचून घालायचा आणि तो पिवळसर व्हायच्या आत किसलेला टोमॅटो ओतायचा. टोमॅटो अर्धा कापून किसणीवर घासला की साल हातात उरते, वेगळी सोलत बसावी लागत नाही. कढई लोखंडाची नको. आंबटाने भाजी काळपट पडते आणि लोखंडाची चव उतरते.

तेल मात्र मोजून मापून चमचाभर घातलं तर भाजी कोरडी आणि फुळकवणी, दोन्ही एकदम लागते. ग्रीक लोक अशा भाज्यांत ऑलिव्ह तेल हात राखून घालत नाहीत. तर्रीदार भाजी खाणाऱ्या आपल्या लोकांनी पाच चमच्यांना घाबरावं हे मला तरी पटत नाही. महागडं तेल सगळंच कढईत ओतायची गरज नाही. शिजवायला शेंगदाण्याचं किंवा करडईचं घ्या आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचा एक चमचा गॅस बंद केल्यावर वरून सोडा.

स्लाइस, क्यूब आणि मोझरेला

खरं फेटा ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाचं, त्यात फार तर ३० टक्के बकरीचं, आणि निदान दोन महिने मुरवलेलं असतं. २००२ पासून युरोपियन युनियनमध्ये हे नाव फक्त ग्रीसमधल्या चीजलाच लावता येतं. आपल्याकडे त्या नावाखाली मिळतं ते पुष्कळदा गाईच्या दुधाचं, पण कामाचं असतं. ते वितळत नाही, कुस्करून पडतं, आणि नेमकं तेच हवं असतं. त्याच्या जागी स्लाइस किंवा क्यूब किसून घातला तर तो वितळून भाजीवर चिकट साय धरतो. मोझरेलाचे तार निघतात आणि भाजी निवली की त्याचं रबर होतं.

घरचा पर्याय असा : २०० ग्रॅम पनीरचे जाड तुकडे करा. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवा, तुकडे त्यात बुडवून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. लागेल तेवढं पाण्यातून काढून हाताने कुस्करा आणि त्यात दोन चमचे आंबट चक्का मिसळा. खारट आणि आंबट दोन्ही जमतं, आणि खर्च निम्म्यावर येतो.

चीज गॅस बंद केल्यावरच घालायचं, आणि ते घालून चव बघेपर्यंत भाजीत मीठ कमीच ठेवायचं. खारट झालीच तर बटाटा टाकून वाट बघू नका. बटाटा खारट पाणी ओढतो, पण उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. त्यापेक्षा बिनमिठाची शिजलेली चवळी ठेचून मिसळा.

पाला

सुका पाला आधी, ओला शेवटी. ओरेगॅनो तळहातावर चुरडून टोमॅटोबरोबर घाला. पाकिटावर 'सीझनिंग' लिहिलं असेल तर त्यात मीठ आणि मिरची मिसळलेली असते, त्याचा हिशोब धरा. ओरेगॅनो नसेल तर कुंडीतल्या पानओव्याची दोन पानं बारीक चिरून घाला. त्यात आणि ओरेगॅनोत वासाचं एक द्रव्य सारखंच आहे. चिमूटभर ओवाही चालतो, पण चिमूट म्हणजे चिमूटच.

शेपू परतायचा नाही. परतला की त्याचा वास चढतो आणि घरातली पोरं ताट सरकवतात. बारीक चिरून, देठं काढून, शेवटच्या दोन मिनिटांत घाला. आमच्या आत्याबाईंनी हे बघून "शेपू कच्चाच घालायलीस व्हय?" म्हणून कपाळाला हात लावला होता, आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

रस्सा सुटा राहिला

डावभर दाणे कढईच्या कडेला चिरडून मिसळा आणि झाकण काढून पाच मिनिटं उकळू द्या. डाव तळावरून फिरवल्यावर मागे क्षणभर वाट दिसली पाहिजे. मग १० मिनिटं झाकून ठेवा. कढत भाजीत चीज आणि पाल्याची चव कळत नाही.

ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी ब्रेडपेक्षा चांगली लागते असं माझं मत आहे. उरवायची असेल तर चीज घालायच्या आधीच तेवढी बाजूला काढा आणि निवली की लगेच फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी गरम करताना थोडं पाणी लागेल, चीज आणि शेपू ताजे घाला.