स्पर्शिकेचे समीकरण काढताना या चुका टाळा

लातुरात बारावीचे गणित शिकवताना असे दिसते की अवकलज, म्हणजे वर्गात सगळे ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात तो, बहुतेकांचा बरोबर येतो. गडबड होते ती त्यानंतरच्या दोन ओळींत.

य = क्ष³ − २क्ष या वक्राला क्ष = २ येथे स्पर्शिका काढायची आहे असे समजा. अवकलज ३क्ष² − २ मिळाला की अनेक जण तोच चढ म्हणून ठेवतात आणि य − ४ = (३क्ष² − २)(क्ष − २) लिहून मोकळे होतात. कंस सोडवले तर यात क्षचा घन येतो, म्हणजे ही रेषाच नव्हे. आधी क्ष = २ ठेवून १० हा चढ काढावा, मग य = १०क्ष − १६ मिळते. स्पर्शबिंदूतील ४ मूळ समीकरणातून येतो, अवकलजातून नाही. तरी (२, १०) हा स्पर्शबिंदू धरणारे दरवर्षी भेटतातच.

खरा घोळ दिलेला बिंदू वक्रावर नसतो तेव्हा होतो. (१, −३) मधून य = क्ष² ला स्पर्शिका काढा म्हटले की हात आपोआप २क्ष मध्ये १ ठेवतो आणि य = २क्ष − ५ ही रेषा तयार होते, जी त्या वक्राला कुठेही भेटत नाही. म्हणून बिंदू प्रथम वक्राच्या समीकरणात ठेवून पाहावा. येथे −३ आणि १ जुळत नाहीत, तेव्हा स्पर्शबिंदू (अ, अ²) मानावा; तेथील स्पर्शिका य = २अक्ष − अ² असून तिच्यात दिलेला बिंदू ठेवल्यास अ² − २अ − ३ = ० मिळते. त्यामुळे अ = ३ किंवा −१, आणि स्पर्शिका दोन: य = ६क्ष − ९ व य = −२क्ष − १.

अभिलंबाचा, म्हणजे स्पर्शबिंदूत स्पर्शिकेला लंब असलेल्या रेषेचा, चढ काढताना व्यस्त घेऊन ऋण चिन्ह विसरणे ही किरकोळ पण गुण घालवणारी चूक.

पडताळा घेताना मात्र दहावीतील वर्तुळ आडवे येते. स्पर्शिका एकाच बिंदूत भेटते हे तेथे खरे असल्याने, पहिल्या उदाहरणातील रेषा वक्राला (−४, −५६) येथेही छेदते हे पाहून काही जण बरोबर उत्तर खोडतात. रेषा व वक्र एकत्र सोडवल्यास क्ष³ − १२क्ष + १६ = (क्ष − २)²(क्ष + ४) मिळते; त्यात (क्ष − २) चा वर्ग आला, म्हणजे क्ष = २ येथे रेषा वक्राला स्पर्श करते, एवढे पुरेसे आहे.