नववी दोनदा केली, शेवटचा सीझन स्कोअरबुकात गेला

दर उन्हाळ्यात मला क्वीन्समध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांमधून दोन-चार फोन येतात. मुलगा नववी-दहावीतला, क्रिकेट किंवा टेबल टेनिस खेळणारा. न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कूलमध्ये टीममध्ये घेतील का, अभ्यासाचं काय, असे प्रश्न. क्रेडिट, रेजंट्स, एपी हे शब्द बहुतेकांनी विमानात बसायच्या आधीच पाठ केलेले असतात, म्हणून ते इथे एका ओळीत उरकतो: क्रेडिट म्हणजे पास केलेल्या विषयाची मोजणी, रेजंट्स म्हणजे राज्याच्या परीक्षा, एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय. मी फक्त एवढंच विचारतो, "कितवीत घालताय?" आणि समोरून "एक इयत्ता खाली घालायचा विचार आहे, इंग्रजी सुधारेल" असं आलं की माझा आवाज चढतो. आईबाबांना वाटतं, फोनवरचा हा मुलगा जरा आगाऊ आहे. असू दे.

आम्ही ऑगस्ट २०१५ मध्ये आलो. पुण्यात माझी नववी झाली होती, मराठी माध्यमातून. शाळाप्रवेशाच्या केंद्रात बाबांनी प्रगतिपुस्तक पुढे केलं. निळ्या शाईतले गुण, वर्गशिक्षकांची सही, खाली "उत्तीर्ण, इयत्ता १० वीत प्रवेश". समोरच्या बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि भाषांतर आणायला सांगितलं, तोवर नववीत बसवतो म्हणाल्या. त्या रात्री जर्सीच्या काकांचा फोन. "अरे, उत्तम झालं! वर्षभर शिकलेलंच शिकायचं, जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, आपोआप वर जाईल, आणि टीममध्ये एक सीझन जास्त मिळेल. इथले लोक मुद्दाम करतात हे." काका वीस वर्षं इथे. बाबांनी भाषांतराचा विषय तिथेच सोडला. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. बीजगणित पुन्हा तेच, नव्वदच्या वर गुण, कष्ट शून्य.

काकांवर माझा राग नाही. पण परदेशात वीस वर्षं राहिलेला माणूस घर कुठे घ्यावं ते सांगू शकतो, हायस्कूलचे नियम नाही. त्यांची मुलं त्या शाळेत गेलेली नसतात, गेली असली तरी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या जिल्ह्यात. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

शाळा प्रचंड. ब्रुकलिन टेकमध्ये सहा हजारांच्या आसपास मुलं आहेत. आमची तेवढी नव्हती, पण तीन हजारांच्या पुढे होती, आणि इमारत तेवढ्यांसाठी बांधलेली नव्हती. तास बदलताना जिन्यात गणपतीच्या आदल्या दिवशीचा लक्ष्मी रोड. माझी जेवणाची सुट्टी सकाळी दहा वीसला. दहा वीसला डबा खाऊन तीन वाजेपर्यंत काढायचे आणि मग सराव. पहिला महिना मी चक्कर येऊन भिंतीला टेकायचो. आईने दुसरा छोटा डबा द्यायला सुरुवात केली: पोळीचा लाडू. तो बसमध्ये खायचा.

इतक्या मोठ्या शाळेत सगळं असतं, पण कुणी हाताला धरून दाखवत नाही. एकेका समुपदेशकाकडे शेकडो मुलं. घरी मराठी बोलतो असं फॉर्ममध्ये लिहिलं की इंग्रजीची चाचणी घेतात आणि गरज पडली तर नवशिक्यांच्या इंग्रजी वर्गात बसवतात. लोक घाबरून "इंग्रजी" लिहितात. लिहू नका. मला त्या वर्गाचा फायदाच झाला. नुसत्या कानांनी इंग्रजी येत नाही. पदवीला ४४ क्रेडिटं, रेजंट्सच्या परीक्षांत ६५ गुण, हे माझ्या वेळचं. परीक्षांचे नियम आता बदलत चाललेत, म्हणून तुमच्या तुकडीला कोणते लागू ते समुपदेशकाकडून लेखी घ्या. तोंडी नको.

पीटीचीही क्रेडिटं असतात, ४४ पैकी ४. आपल्याकडे पीटीचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी पळवायचा तास. इथे कपडे न बदलता गेलात की शून्य, आणि पीटीत नापास झालात की टीममधून बाहेर. आमचा एक फास्ट बोलर असाच गेला. इंग्रजीत पास, केमिस्ट्रीत पास, पीटीत नापास. पाच विषय अधिक पीटी पास आणि ९० टक्के हजेरी, एवढं सांभाळा. डॉक्टरांचा तपासणीचा फॉर्म आणि पालकांची सही ट्रायआउटच्या, म्हणजे टीमच्या निवड चाचणीच्या, आधी द्या. 

सरकारी शाळांचा खेळ पीएसएएल चालवते, म्हणजे पब्लिक स्कूल्स ॲथलेटिक लीग. १९०३ पासूनची संस्था. तिने २००८ मध्ये क्रिकेट सुरू केलं. टीममध्ये गयानीज, बांगलादेशी, पंजाबी, पाकिस्तानी, जमैकन, आणि मी एकटा पुणेकर. वीस ओव्हर्सची मॅच, सार्वजनिक बागेत, बऱ्याचदा बेझ्ली पाँड पार्कला. मला नववीत टीम आहे हेच कळलं नाही. कळलं दहावीत, तेही जेवणाच्या टेबलावर एका गयानीज मुलाच्या बॅगेतून बॅटचं हँडल बाहेर आलेलं दिसलं म्हणून. फेब्रुवारीअखेर जिममध्ये ट्रायआउट झाली. लाकडी फरशीवर चेंडू असा सरपटत यायचा की पुण्यातली माझी सगळी फ्रंट-फूट ऐट पंधरा मिनिटांत उतरली.

विद्यार्थ्यांचं मेट्रोकार्ड तेव्हा दिवसाला तीन प्रवास आणि रात्री साडेआठपर्यंत चालायचं, तेही फक्त शाळेच्या दिवशी. घर ते शाळा, शाळा ते मैदान, मैदान ते घर: तीन संपले. मॅच लांबली की शेवटची ओव्हर चालू असताना अर्धी टीम घड्याळाकडे पाहायची. एकदा मी आठ एकतीसला बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हरने मशीनकडे बोट दाखवलं. किटबॅग घेऊन चालत घरी गेलो. २०२४ पासून ओम्नी कार्ड आलंय, दिवसाला चार प्रवास, चोवीस तास. आताच्या पोरांची मजा आहे.

आता मुद्द्याचं.

दहावी आणि अकरावीत खेळलो. अकरावीच्या शेवटी कोच म्हणाले, पुढच्या वर्षी कॅप्टन तू. त्याच सुमारास नवीन समुपदेशिका आल्या. माझी फाइल चाळून त्यांनी विचारलं, पुण्याच्या वर्षाची क्रेडिटं का घेतली नाहीस? भाषांतर आण, मूल्यमापन करू, तुझा एक तास मोकळा होईल. तीन वर्षं राहिलेलं भाषांतर आम्ही आठ दिवसांत करून दिलं. क्रेडिटं मिळाली. मोकळ्या तासात एपी कॅल्क्युलस घेतलं, दुपारी कॉलेज नाऊ या योजनेतून सिटी युनिव्हर्सिटीचा एक कोर्स, फुकट. सगळं छान.

फेब्रुवारी २०१९. कोचनी मला जिमबाहेरच्या बाकावर बसवलं. हातात तेच भाषांतर. "इयत्ता नववी, शैक्षणिक वर्ष २०१४–१५, उत्तीर्ण" या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "हे खरं आहे?" मी म्हटलं, हो सर, खरंच आहे. मला वाटलं, कौतुक करताहेत.

नियम न्यूयॉर्क राज्याचा आहे. नववीत पहिल्यांदा प्रवेश घेतल्यापासून एका खेळाचे सलग चार सीझन, बस. पहिल्यांदा म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. माझी मोजणी बोटांवर करा, कारण मीही तिथेच बसून बोटांवर केली. नववीत पाऊल ठेवलं जून २०१४ मध्ये, पुण्यात. क्रिकेटचा सीझन इथे वसंतातला. पहिला वसंत २०१५चा: मी तेव्हा पुण्यात वार्षिक परीक्षा देत होतो. गेला. दुसरा २०१६: टीम आहे हेच माहीत नव्हतं. तोही गेला. तिसरा २०१७, चौथा २०१८, हे दोन खेळलो. २०१९ हा पाचवा. सीझन खेळलात की घरी बसलात याला किंमत नाही. वर्ष उलटलं की संपलं. आणि नववी पुन्हा केली म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही. काकांचा "एक सीझन जास्त" असा निघाला: जास्त काहीच नाही, उलट बारावीचा सीझन गेला. सरळ दहावीत बसलो असतो तर २०१८ मध्येच बारावी झाली असती आणि कॅप्टनही त्याच वर्षी झालो असतो, कदाचित.

आम्ही नियम पाहिले नव्हते असंही नाही. वयाचा पाहिला होता: १ जुलैच्या आधी १९ पूर्ण झालेली नकोत. माझं वय सतरा. बाबा निर्धास्त. दुसरा नियम त्याच्याच शेजारी होता.

सवलतीचा अर्ज केला. ती आजारपण, अपघात किंवा तसंच काही हाताबाहेरचं घडून वर्ष बुडालं तर मिळते. आमचं वर्ष हाताबाहेर गेलं नव्हतं, आम्ही ते हाताने दिलं होतं. अर्ज फेटाळला. खोटं सर्टिफिकेट आणून देतो म्हणणारा एक ओळखीचा भेटला. बाबांनी त्याला चहाही विचारला नाही. आणि मुळात भाषांतर दिलंच नसतं तर, हा विचार माझ्या डोक्यात अजून कधीतरी येतो. पण अपात्र खेळाडू खेळला की टीमचे सामने काढून घेतात. माझ्यामुळे बारा पोरांचे सामने गेले असते, म्हणून तो विचार मी पुढे जाऊ देत नाही.

कॉलेजात खेळू इच्छिणाऱ्यांनी, टेनिस, पोहणं, ट्रॅकवाल्यांनी विशेषतः, हेच घड्याळ एनसीएएचंही, म्हणजे कॉलेजातले खेळ चालवणाऱ्या संस्थेचंही, आहे असं धरून चाला. डिव्हिजन वनला, म्हणजे तिच्या सगळ्यात वरच्या गटाला, १६ मुख्य विषय, त्यातले १० सातवं सत्र, म्हणजे बारावी, सुरू व्हायच्या आत. ते चार वर्षांत बसवायचे, आणि मोजणी नववीपासून. क्रिकेट एनसीएएत नाहीच, त्यामुळे माझं तिथे काही बुडालं नाही. खेळावर कॉलेजचा खर्च निघेल हे गृहीत धरून येणाऱ्या पालकांशी मी वाद घालत नाही, फक्त डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते आणि हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगमध्येही नसते, एवढं सांगतो. मग फोन लवकर संपतो.

घाबरून जाऊ नका. आधीच एक इयत्ता खाली बसला असाल तर पहिल्याच वर्षी मूल्यमापन करून घ्या, क्रेडिटं जुळली तर इयत्ता वर सरकवता येते. ॲथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे शाळेतल्या खेळांच्या प्रमुखाला, भेटा, कोचला नाही. कोचला तुम्ही खेळायला हवे असता, डायरेक्टरला कागद बरोबर हवे असतात. आणि निघण्यापूर्वी तिकडच्या शाळेतून आठवी-नववीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आणि कोणत्या विषयाचे आठवड्याला किती तास, असं शिक्क्याचं पत्र इंग्रजीत घ्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आईने हे पत्र मागितलं तेव्हा क्लार्क म्हणाले, "ताई, तास कोण मोजतं?" आईने टेबलापुढची खुर्ची ओढली आणि पत्र टाइप होईपर्यंत उठली नाही. बहीण थेट दहावीत बसली.

मी २०१९चा सीझन स्कोअरर म्हणून काढला. स्कोअररला पात्रता लागत नाही. आमचा नवा कॅप्टन प्रत्येक विकेटनंतर माझ्याकडे वळून बोटांनी विचारायचा, किती बॉल राहिले, आणि मी बोटांनीच सांगायचो.