अनसाइन्ड घेतलं म्हणून मायनस थांबत नाही: या चुका टाळा

वय मायनस नसतं, गोदामातले नग मायनस नसतात, मार्क मायनस नसतात. मग अशा व्हेरिएबलला अनसाइन्ड इंट द्या, म्हणजे फक्त शून्य आणि धन पूर्णांक ठेवणारा टाइप. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना हा सल्ला सर्रास दिला जातो. (मार्कांचं उदाहरण देणाऱ्याने निगेटिव्ह मार्किंगचा पेपर कधी दिलेला नसावा.) ऐकायला बिनतोड वाटतो, पण अनसाइन्ड टाइप मायनस किंमत अडवत नाही. तो तिचा भलामोठा धन आकडा करून टाकतो. शिल्लक ३ नग आणि ऑर्डर ५ ची असेल, तर साध्या (साइन्ड, म्हणजे मायनसही ठेवणाऱ्या) इंटमध्ये वजाबाकी -२ येते आणि ‘शून्याहून कमी आहे का’ ही तपासणी तिला पकडते. ३२-बिट अनसाइन्डमध्ये तीच वजाबाकी ४२९४९६७२९४ येते. आता ती तपासणी कधीच खरी होणार नाही, आणि माल भरपूर आहे असं समजून प्रोग्रॅम पुढे जाईल.

म्हणून विचित्र आकडा दिसला की कोड वाचायच्या आधी आकडाच नीट वाचा. ४२९४९६७२९५ किंवा १८४४६७४४०७३७०९५५१६१५ च्या आसपासचं काही छापून आलं, तर अनुक्रमे ३२ किंवा ६४ बिटांचा अनसाइन्ड शून्याच्या खाली गेलाय. जवळपास कुठेतरी वजाबाकी शोधा. -२१४७४८३६४८ च्या जवळचं काही असेल, तर बहुतेक साइन्ड इंट वरच्या टोकाने फुटलाय, म्हणजे कमाल मर्यादेपलीकडे गेलाय. तिथे बेरीज किंवा गुणाकार शोधा.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते लूप. सी++ मध्ये व्हेक्टरचा (घटकांच्या यादीचा) साइझ अनसाइन्ड असतो. ‘आय <= साइझ - १’ अशी अट लिहिली, की डेटा असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. एखाद्या दिवशी फाइल रिकामी येते, शून्य वजा एक म्हणजे त्या टाइपमधला सगळ्यात मोठा आकडा होतो आणि प्रोग्रॅम नसलेले घटक वाचायला जाऊन सेग्मेंटेशन फॉल्ट देऊन पडतो. टेस्टिंगमध्ये हे सुटतं, कारण रिकामी फाइल देऊन बघायचं कुणाला सुचत नाही. अट ‘आय < साइझ’ अशी ठेवा; शेजारच्या घटकाशी तुलना करायची असेल तर ‘आय + १ < साइझ’. वजाबाकी डावीकडे बेरीज करून न्यायची, एवढंच. उलट मोजणारा लूप ‘आय >= ०’ वर कधीच थांबत नाही, कारण अनसाइन्डसाठी ती अट कायम खरी असते. तिथे आयची सुरुवात साइझपासून करा आणि अट ‘आय-- > ०’ लिहा. सी++२० असेल तर साइन्ड साइझ देणारं एसएसाइझ फंक्शन आहे, ते वापरा.

दुसरी चूक साइन्ड आणि अनसाइन्डच्या मिश्र तुलनेची. -१ ची तुलना अनसाइन्ड १ शी केली तर -१ मोठा ठरतो, कारण तुलनेआधी त्याचं अनसाइन्डमध्ये रूपांतर होतं. जीसीसी हा कंपायलर याची वॉर्निंग देतो: सी++ मध्ये डब्ल्यू-ऑल हा पर्याय पुरतो, सी मध्ये डब्ल्यू-एक्स्ट्रा लागतो. खरी गडबड त्यानंतर होते. वॉर्निंग डोळ्यांना खुपते म्हणून लोक दिसेल तिथे कास्ट मारतात, म्हणजे टाइप जबरदस्तीने बदलतात. वॉर्निंग जाते, बग राहतो. कास्ट करण्याआधी ती किंमत मायनस असू शकते का, हे बघितलंच पाहिजे.

‘दुप्पट जागा मिळते, म्हणजे दुप्पट मोठा आकडा मावतो, म्हणून अनसाइन्ड’ हेही कारण मला पटत नाही. २०१४ मध्ये गंगनम स्टाइल या गाण्याच्या व्हिडिओचे व्ह्यू ३२-बिट साइन्डच्या मर्यादेच्या, म्हणजे २१४७४८३६४७ च्या पुढे गेले, तेव्हा यूट्यूबचा काउंटर ६४ बिटांचा झाला. ३२-बिट अनसाइन्डने फक्त मुदत वाढली असती. तो व्हिडिओ पुढे तिच्याही मर्यादेच्या, म्हणजे सुमारे ४२९ कोटींच्या वर गेला. जागा कमी पडतेय असं वाटलं की बिट वाढवा.

मग अनसाइन्ड घ्यायचा कुठे? बिट मास्क, रजिस्टर, चेकसम, हॅश अशा, आकड्यापेक्षा बिटांशी काम असलेल्या ठिकाणी तोच हवा. आणि गोल फिरणाऱ्या घड्याळासाठी. आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा मिलिस हा मिलिसेकंद मोजणारा ३२-बिट अनसाइन्ड काउंटर सुमारे ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येतो. ‘मिलिस > संपायची वेळ’ असं लिहिलेला पंप टायमर त्या सुमारास दगा देऊ शकतो. ‘मिलिस - सुरुवात >= अंतर’ लिहा, सगळं अनसाइन्ड लाँगमध्ये, म्हणजे काउंटर मध्येच शून्यावर परतला तरी उत्तर बरोबर येतं. रात्री ११ ला निघालेली एसटी २ ला पोहोचली तर आपण मायनस नऊ तास म्हणत नाही, तसंच हे. मात्र आर्डुइनोच्या उनो बोर्डावर तीच वेळ साध्या इंटमध्ये ठेवलीत, तर ३२.७६७ सेकंदांनंतरच घोळ सुरू होतो, कारण तिथला इंट १६ बिटांचा आहे.

साइन्ड घेतला की निश्चिंत, असंही नाही. सी आणि सी++ मध्ये साइन्ड ओव्हरफ्लो (मर्यादेपलीकडे जाणं) म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर: पुढे काय व्हावं हे भाषा सांगतच नाही. ‘आय + १ < आय’ अशी तपासणी कंपायलर सरळ उडवून टाकू शकतो. पण ही चूक असल्यामुळेच यूबीसॅन हे तपासणीचं टूल ती चालू प्रोग्रॅममध्ये पकडून ओळ क्रमांकासकट दाखवतं. अनसाइन्डचं टोकावरून गोल फिरणं भाषेच्या नियमात बसतं, म्हणून त्यावर ते एरवी गप्प राहतं. मोजणी आणि पैशांच्या हिशोबाला मी साइन्ड निवडतो, त्यामागे हे मोठं कारण आहे.

डेटाबेसमध्येही हा प्रश्न येतो: मायएसक्यूएलमध्ये दोन अनसाइन्ड कॉलमांची वजाबाकी मायनस गेली, तर एरवी चालणारी क्वेरी ‘आउट ऑफ रेंज’ एरर देते. तिथे वजाबाकीआधी दोन्ही कॉलम साइन्डमध्ये कास्ट करा.