लिंक हिरवी, पण पीएलसी बोलत नाही: वायरलेस ब्रिज आणि राउटिंगमधल्या या चुका टाळा

नदीकाठी जॅकवेलवर (नदीतलं पाणी उपसायची विहीर) पंप चालवणारा छोटा औद्योगिक संगणक म्हणजे पीएलसी, दोन किलोमीटरवर जलशुद्धीकरण केंद्रात स्काडाचा (दूरवरच्या यंत्रांवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर) पीसी आणि मध्ये ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ. पाणीपुरवठा योजनांमध्ये अशी जोडणी सर्रास असते. सिग्नल उणे ५८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), दिवा हिरवा, तरी स्काडावर पंपाचं रीडिंग येत नाही. मग कुणालातरी टॉवरवर चढवून अँटेना हलवायला लावतात. कृपया असं करू नका. सिग्नल उणे ६५ पेक्षा चांगला आणि स्थिर असेल, तर आधी खाली बसून सेटिंग तपासा. दोष बहुतेक वेळा ब्रिजच्या (दोन टोकांचं मिळून एकच नेटवर्क करणारी जोडणी) मोडमध्ये नाहीतर पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, परतीच्या वाटेत सापडतो.

साध्या क्लायंट मोडवर ब्रिज

जॅकवेलकडचा रेडिओ नुसत्या क्लायंट किंवा स्टेशन मोडवर ठेवणं ही नेहमीची चूक. या मोडमधल्या वाय-फाय फ्रेममध्ये तीनच मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातून आलेला पत्ता) मावतात. त्यामुळे रेडिओच्या मागे लावलेल्या पीएलसीचा, एचएमआयचा (ऑपरेटरचा स्क्रीन) किंवा फ्लोमीटरचा स्वतःचा मॅक पलीकडे पोचतच नाही. काही रेडिओ यावर तोड म्हणून सगळ्यांच्या वतीने आपलाच मॅक पुढे करतात. पिंग (पलीकडचं उपकरण उत्तर देतं का ही चाचणी) लागतं, आयपीवर चालणारा मॉडबस टीसीपी हा प्रोटोकॉलही चालतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रोफिनेट हा दुसरा औद्योगिक प्रोटोकॉल मात्र अडतो, कारण त्याचा रिअल-टाइम डेटा आयपीवर नाही, थेट मॅकवर चालतो.

हे ओळखायला स्काडा पीसीवर एआरपी टेबल (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, याची यादी) उघडा. पलीकडच्या तीन उपकरणांचे आयपी वेगवेगळे, पण तिन्हींसमोर मॅक एकच आणि तो रेडिओचा, असं दिसलं की समजा: हा खरा ब्रिज नाही. दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएस, म्हणजे चार ॲड्रेसचा मोड लावा. मायक्रोटिकची जोडी असेल तर एका बाजूला ॲक्सेस पॉइंट आणि दुसऱ्या बाजूला स्टेशन-ब्रिज चालतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे रेडिओ या मोडमध्ये एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून खरेदी करतानाच जोडी एका कंपनीची घ्या.

पलीकडे फक्त मॉडबस टीसीपी असेल तर मी ब्रिज करतच नाही, राउटिंग करतो, म्हणजे दोन्ही नेटवर्क वेगळी ठेवून मध्ये राउटर बसवतो. केंद्रातला ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टचा (एकाच वेळी सगळ्यांना किंवा अनेकांना जाणाऱ्या पॅकेटचा) गोंगाट रेडिओवर जात नाही आणि दोष शोधणं सोपं होतं. मात्र राउटिंगच्याही स्वतःच्या चुका आहेत.

जाण्याचा रूट आहे, येण्याचा नाही

समजा, केंद्राचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, जॅकवेलचं १९२.१६८.२०.०/२४, आणि रेडिओ लिंकवर केंद्राचा राउटर १०.१०.१०.१, जॅकवेलचा १०.१०.१०.२. केंद्राच्या राउटरवर जॅकवेलचं (२० चं) नेटवर्क १०.१०.१०.२ कडे, असा रूट (पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं याची नोंद) सगळेच टाकतात. जॅकवेलच्या राउटरवर केंद्राचं १९२.१६८.१०.० नेटवर्क १०.१०.१०.१ कडे, हा रूट राहून जातो. पीसीचं पॅकेट पीएलसीपर्यंत पोचतं, उत्तर मात्र परत येत नाही.

इथे पिंग फसवतं. केंद्राच्या राउटरवरून पिंग केलं तर तो सहसा १०.१०.१०.१ हाच पत्ता वापरतो आणि तो पत्ता जॅकवेलच्या राउटरला थेट माहीत असतो, म्हणून पिंग लागतं. जॅकवेलच्या राउटरवरून पीएलसीला केलेलं पिंगही काहीच सिद्ध करत नाही. दोघे एकाच सबनेटमध्ये (एकाच नेटवर्कमध्ये) असल्यामुळे पीएलसीत गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायला वापरायच्या राउटरचा पत्ता) रिकामा असला तरी उत्तर येतं. चाचणी पीसीवरूनच घ्या, नाहीतर केंद्राच्या राउटरवर पिंगचा सोर्स १९२.१६८.१०.१ (त्याचाच केंद्राकडचा पत्ता) ठेवून घ्या.

पीएलसीत गेटवे १९२.१६८.२०.१ (जॅकवेलच्या राउटरचा पीएलसीकडचा पत्ता) आहे ना, हे बघताना सबनेट मास्कही (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा; इथे २५५.२५५.२५५.०) बघा. मास्क चुकून २५५.२५५.०.० पडला असेल तर १९२.१६८.१०.५ हा पीसी पीएलसीला शेजारचाच वाटतो. मग तो गेटवेकडे न जाता एआरपीनेच हाका मारत बसतो. गेटवे बरोबर दिसत असल्यामुळे इकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि दिवस वाया जातो.

काही जण घाईत जॅकवेलच्या राउटरवर मास्करेड (पॅकेटवर पाठवणाऱ्याऐवजी राउटरने आपलाच पत्ता घालणं) चालू करतात. दोष पीएलसीच्या गेटवे किंवा मास्कमध्ये असेल तर लगेच रीडिंग येतं, कारण पीएलसीला सगळं २०.१ कडूनच आल्यासारखं दिसतं. पण मग कोणत्या पीसीवरून कमांड गेली हे पीएलसीच्या लॉगमध्ये कळत नाही, आणि पीएलसीतला गेटवे किंवा मास्क चुकलेलाच राहिल्यामुळे पीएलसीने स्वतःहून पाठवलेला अलार्मही केंद्राच्या पीसीपर्यंत पोचत नाही. मशिनवाल्याने पीएलसीला पासवर्ड लावलाय आणि गेटवे बदलता येत नाही, अशा ठिकाणी मास्करेड जरूर वापरा आणि ड्रॉइंगवर तशी नोंद करा. बाकी ठिकाणी पीएलसीतलं सेटिंग दुरुस्त करा आणि रूटच टाका.

स्काडा पीसीला ऑफिस आणि प्लांट अशी दोन लॅन कार्डं असतील तर दोन्हींवर डिफॉल्ट गेटवे भरू नका. गेटवे ऑफिसच्या कार्डावर ठेवा आणि २० च्या नेटवर्कसाठी वेगळा रूट टाका. विंडोजवर तो टाकताना ‘-पी’ लावलं नाही, तर पीसी रीस्टार्ट झाला की रूट गेला.

लूप

रेडिओ ब्रिज चालू असतानाच कुणीतरी फायबर ओढून तोही त्याच दोन स्विचना जोडतं. दोन वाटा झाल्या की ब्रॉडकास्ट फिरत राहतो आणि दोन्हीकडचं नेटवर्क बसतं. स्विचवर आरएसटीपी (लूप ओळखून जादा वाट बंद ठेवणारा प्रोटोकॉल) चालू ठेवा, रेडिओ त्याचे पॅकेट पुढे सोडतो का ते तपासा आणि रेडिओच्या पोर्टची कॉस्ट (कमी कॉस्टची वाट आधी निवडली जाते) जास्त ठेवा, म्हणजे फायबर मुख्य राहील.

पावसाळ्यात तुटणारी लिंक

५.८ गिगाहर्ट्झवर जोरदार पावसातही किलोमीटरमागे साधारण एखादा डीबीच कमी होतो. त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये सिग्नल १५ डीबीने पडत असेल तर पावसाला दोष देऊ नका. अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का ते बघा आणि मधल्या झाडांचा पाला किती वाढलाय तेही बघा. दोन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण ५ मीटर त्रिज्येचा फ्रेनेल झोन (रेडिओ लहरींना मोकळी लागणारी जागा) लागतो. त्यातले निदान ३ मीटर मोकळे हवेत. डिसेंबरमध्ये दुर्बिणीतून पलीकडची अँटेना दिसली होती, एवढ्यावर भागत नाही. टॉवरची उंची ठरवताना त्या झाडांची पुढची दोन-तीन वर्षांची वाढ धरा. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा, तिच्यावर उन्हात टिकणारी पीव्हीसी टेप लावा आणि केबल आत शिरते तिथे खाली वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.