मागावर इव्हेंट कॅमेरा लावताय? या चुका टाळा

सोलापुरात यंत्रमागावर धोट्याची (आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो) धाव पकडायला कुणी इव्हेंट कॅमेरा लावणार असेल तर आधी हे वाचा. साधा कॅमेरा ठरावीक वेळाने अख्खं चित्र काढतो, यात प्रत्येक पिक्सेल आपापला आणि उजेड बदलला तरच बोलतो, त्या प्रत्येक बोलण्याला इव्हेंट म्हणतात, वेळेची नोंद मायक्रोसेकंदात. म्हणून स्क्रीन कोरी दिसली की पीस खराब म्हणून परत पाठवू नका राव, माग बंद असेल तर दिसणार काय? लेन्ससमोर हात हलवून बघा.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो उजेड. आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते, आपल्याला कळत नाही पण सेन्सरला सगळं कळतं. माग बंद असतानाही दर 10 मिलिसेकंदाला इव्हेंटची लाट उठत असेल तर चोर तोच. लोक मग बायसच्या, म्हणजे पिक्सेलची संवेदनशीलता ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये शिरतात, थ्रेशोल्ड (उजेड किती बदलला की पिक्सेल बोलेल ती मर्यादा) वाढवतात, लाट जाते आणि सोबत धागापण जातो, कारण पांढऱ्या टॉवेलवर पांढरा धागा, कॉन्ट्रास्ट मुळातच कमी! आधी डीसीवर चालणारा एलईडी लावा, तोही बाजूने तिरका, म्हणजे धाग्याची सावली पडते. बायस त्यानंतर. आणि अंधारात हा कॅमेरा कमाल करतो हे अर्धंच खरं, उजेड कमी झाला की पिक्सेल उशिरा बोलतो आणि नॉईज, म्हणजे खोटे इव्हेंटही वाढतात.

दुसरं म्हणजे कॅमेरा मागाच्याच सांगाड्यावर ठोकणं. माग हादरला की कॅमेरा हादरतो आणि हलत नसलेल्या वस्तूंच्या कडासुद्धा इव्हेंट द्यायला लागतात. स्टँड वेगळा घ्या, खाली रबर टाका, कारण जमीनपण थरथरतेच.

इव्हेंट गोळा करून 30 एफपीएसचा (सेकंदाला 30 चित्रं) व्हिडिओ बनवणारेही भेटतात, मग म्हणतात धोटा पुसट येतोय. अहो, धोटा समजा सेकंदाला 10 मीटर पळतोय, तर 33 मिलिसेकंदात तो 33 सेंटीमीटर पुढं गेला, तेवढाच लांब पट्टा दिसणार. एका चित्रात 1 मिलिसेकंदाचेच इव्हेंट घ्या, पट्टा सेंटीमीटरवर येतो.

एवढं करूनही मधेच इव्हेंट गळत असतील तर डेटा यूएसबीला झेपत नाहीये, सेन्सरचा धोट्याच्या वाटेपुरता भाग चालू ठेवा आणि उडणाऱ्या कापसाच्या तुसासाठी नॉईज फिल्टर लावा.